पुढची पायरी कोण ठरवतं?



पंचमीला फुगडी खेळताना आपण कोणाकडं शिकवणी लावत नाही, तरी फुगडीला पायऱ्या असतातच. लहान पोरगी आधी दोन्ही हात धरून साधी फुगडी घालते. पाय जुळवायचे, मागं रेलायचं, आपला भार समोरचीवर आणि तिचा आपल्यावर घ्यायचा, एवढं अंगात मुरलं की एका हाताची फुगडी जमते. त्यानंतर बसफुगडी. तिथं मांड्यांत जोर लागतो आणि दम टिकवावा लागतो, म्हणून ती सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. कोणती पोरगी कुठवर आलीय, हे बघणाऱ्या थोरल्या बायांना कागदाशिवाय कळतं.

आज मला अशाच पायऱ्यांचा इतिहास सांगायचा आहे. खेळ दोन आहेत. एक आपला मल्लखांब. दुसरा थंड मुलखातला, बर्फावर घसरत खेळायचा, त्याला फिगर स्केटिंग म्हणतात. आपल्या परभणीत वैशाखात पत्र्यावर पापड भाजावेत असं ऊन. बर्फ आपल्याला दिसतो तो रसवंतीच्या गुऱ्हाळावर. तरी हे दोन खेळ नात्यातले आहेत. दोन्हींत खेळाडू एकटीच सगळ्यांसमोर उतरते, अंगाचा तोल आणि सफाई दाखवते, आणि परीक्षक गुण देतात. दोन्हींत सोप्याकडून अवघडाकडं जायच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आणि दोन्हींत बायांना बराच काळ ऐकावं लागलं, की तुमची पायरी इथवरच.

आधी मल्लखांब. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ केला. हे कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपल्या मराठवाड्याला लागूनच. राजानं काय खावं, कशी करमणूक करावी, असं बरंच काही त्या ग्रंथात आहे. मल्लांच्या सरावाचं वर्णनही आहे, आणि त्यात खांबावरच्या मेहनतीचा उल्लेख येतो. म्हणजे खांब हा मुळात पैलवानाचा जोडीदार होता. कुस्तीला रोज माणूस मिळतोच असं नाही. खांब मात्र कधीही मिठी मारायला उभा.

मग बराच काळ या विद्येचं नाव फारसं ऐकू येत नाही. पेशवाईच्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, बाळंभटदादा देवधर यांनी ती पुन्हा उभी केली. त्याची एक कथा सांगतात. निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पैलवान पुण्याला आले आणि त्यांनी कुस्तीचं आव्हान दिलं. ते कोणी घेईना, तेव्हा तरुण बाळंभटांनी घेतलं. तयारीला मुदत मागून ते वणीच्या सप्तशृंगीला गेले. तिथं देवीच्या कृपेनं आणि मारुतीरायाच्या दृष्टान्तानं त्यांना लाकडी खांबावरचे डाव सुचले, आणि त्या बळावर ते जिंकले. तेव्हा आपला मुलूख निजामाच्याच अमलाखाली, म्हणजे कथेतली हरलेली बाजू आपलीच म्हणायची! कथा असो. देवधरांनी शिष्य तयार केले आणि ही विद्या काशीपर्यंत पोचली, हे मात्र खरं.

आता या खेळात पायऱ्या कशा चढतात ते बघू. पुरलेला मल्लखांब म्हणजे सागवानी किंवा शिसवी खांब. जमिनीवर माणसापेक्षा बराच उंच, खाली जाड आणि वर निमुळता होत गेलेला. शेंड्याला बोंड, त्याच्याखाली बारीक मान. अंग खरचटू नये आणि फिरताना अडू नये म्हणून त्याला एरंडेल तेल लावतात. पण तेलानं हात-पाय सुटतातही, म्हणून पकड शिकणं सगळ्यांत आधी.

पहिला धडा सलामीचा, खांबाला हात लावून नमस्कार. मग अढी. दोन्ही पायांची कैची खांबाभोवती अशी घालायची की हात सोडले तरी माणूस खाली येऊ नये. शिकणारा आधी जमिनीजवळ अढी घालतो, मग उलटा होतो, मग वर सरकतो. अढी पक्की झाली की बगली, दसरंग, सुईदोरा, वेल असे प्रकार येतात. शेवटी ताजवे, म्हणजे खांबाच्या शेंड्यावर अंग तोलून धरायचं. हा क्रम कोणाच्या लहरीनं आलेला नाही. जिची अढी कच्ची आहे, ती वेल घालायला गेली तर डोक्यावर पडेल.

दोराच्या मल्लखांबातही तसंच. पूर्वी वेत टांगून त्यावर कसरत करत. पुढं सुताचा दोर आला. दोराला कुठंही गाठ मारायची नाही. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोर धरायचा, ही इथली पहिली पायरी. नवख्या पोरीचा अंगठा सोलून निघतो. पकड बसली की दोर पायाला, कमरेला, पाठीला वेढून आसनं करता येतात. आपण जमिनीवर पद्मासन घालतो, ती पोरगी तेच अधांतरी घालते.

मग यात बाया कुठं होत्या? झाशीच्या राणी लक्ष्मीबाई लहानपणी बिठूरला, पदच्युत बाजीरावाच्या वाड्यात वाढल्या. तिथं मनू नानासाहेबांबरोबर घोड्यावर बसायला, तलवार आणि मल्लखांब शिकली, असं सांगतात. पण मनूला मिळालं ते सगळ्या पोरींना मिळालं नाही. तालीम पुरुषांची, लंगोट पुरुषांचा, आणि बऱ्याच आखाड्यांत बाईच्या पावलालाही मनाई. पुढच्या काळात पोरींना मल्लखांब मिळाला तो दोराचा. स्पर्धेत कित्येक वर्षं मुलांना पुरलेला, टांगता आणि दोर असे तीन प्रकार होते, आणि मुलींसाठी दोर. खांबाला मिठी मारणं मुलींना शोभत नाही, हा विचार त्यामागं होताच. दोर काही सोपा नाही, उलट दोर हलतो. पण सोपं-अवघड हा प्रश्नच नव्हता. पोरीच्या पकडीऐवजी लोकांची नजर बघून पायरी ठरत होती.

नेमकं हेच सातासमुद्रापार, बर्फावर घडत होतं.

फिगर स्केटिंगमध्ये बुटाखाली पोलादी पातं असतं आणि त्यावर तोल सांभाळत गोठलेल्या बर्फावरून घसरत जायचं असतं. ‘फिगर’ म्हणजे आकृती. सुरुवातीला या खेळाचा जीव आकृत्यांतच होता. तुम्ही हातानं रांगोळी काढता, तशी ही पायानं काढायची रांगोळी समजा. एका पायावर घसरत बर्फावर इंग्रजी आठाचा आकडा उमटवायचा, आणि त्याच रेषेवरून पुन्हा पुन्हा जायचं. रेष हलली की गुण गेले. परीक्षक अक्षरशः वाकून बर्फावरची रेष तपासत. साध्या आठापासून वळणावळणाच्या आकृत्यांपर्यंत सगळ्या आकृत्या क्रमानं लावलेल्या होत्या. संघटनांनी परीक्षाही लावल्या. खालची परीक्षा उतरल्याशिवाय वरच्या परीक्षेला बसता येत नसे.

या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १८९२ साली स्थापन झाली आणि जागतिक स्पर्धा १८९६ पासून सुरू झाली. बायांनी खेळू नये असं नियमात लिहिलेलंच नव्हतं. बाई येईल, असं कोणाच्या मनातच आलं नसावं. १९०२ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅज सायर्स नावाच्या इंग्रज बाईनं आपलं नाव दिलं. नियमात अडवणारं काही सापडेना, म्हणून तिला खेळू द्यावं लागलं. ती पुरुषांत दुसरी आली. पहिला आला तो स्वीडनचा उलरिक साल्खोव, त्या काळचा सगळ्यांत नावाजलेला खेळाडू.

आता तिचं कौतुक झालं असेल, असं वाटेल. झालं असं, की पुढच्याच वर्षी, १९०३ साली, संघटनेनं बायांना या स्पर्धेत बंदी केली. कारणं काय दिली? बायांचा घागरा लांब, त्यामुळं परीक्षकाला पाय दिसत नाहीत. परीक्षकाचं एखाद्या खेळाडू बाईवर मन असेल तर तो गुण वाढवून देईल. आणि बाईची पुरुषाशी तुलना करणं अवघड. पहिली अडचण कापडाची, दुसरी परीक्षकाची, पण शिक्षा झाली बाईला. मॅज सायर्सनं घागरा पोटरीपर्यंत आखूड केला. त्याच १९०३ साली आणि पुन्हा १९०४ साली तिनं इंग्लंडची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, तीही पुरुषांना मागं टाकून. शेवटी १९०६ पासून बायांची वेगळी आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. तिची पहिली दोन वर्षं मॅजनंच जिंकली, आणि १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकही तिनंच घेतलं.

पण शिडीवर चढायला जागा मिळाली म्हणजे सगळ्या पायऱ्या मिळाल्या, असं नव्हतं. हवेत उडी मारून गिरकी घ्यायची आणि एका पायावर उतरायचं, हा या खेळातला अवघड भाग. १९२० च्या ऑलिंपिकमध्ये थेरेसा वेल्ड या अमेरिकी खेळाडूनं अशी उडी घेतली. ती उडी त्याच साल्खोवच्या नावानं ओळखली जाते. परीक्षकांनी तिला समज दिली, की घागरा उडतो, बाईला हे शोभत नाही. तरी तिनं कांस्यपदक मिळवलं.

पुढं एकेक बाई एकेक पायरी चढत गेली. १९३० च्या दशकात बाया हवेत दोन फेर घेऊ लागल्या, १९६० च्या दशकात तीन. यातली एक उडी तोंड पुढं ठेवून घ्यायची असते, त्यामुळं तिच्यात अर्धा फेर जास्तीचा बसतो. ती तीन फेरांची, म्हणजे खरं तर साडेतीन फेरांची उडी स्पर्धेत घेणारी पहिली बाई जपानची मिदोरी इतो. साल होतं १९८८. २००२ साली जपानच्याच मिकी आंदो या शाळकरी मुलीनं चार फेर पुरे केले. ‘शोभत नाही’पासून चार फेरांपर्यंत ब्याऐंशी वर्षं लागली. त्या काळात बाईचं शरीर बदललं नाही. सराव बदलला, कपडे बदलले, आणि तिला रोखणारे कमी झाले.

दुसरी गोष्ट, गुण कशाला द्यायचे याची. एके काळी निकालात सक्तीच्या आकृत्यांचा वाटा साठ टक्के होता. प्रेक्षकांना दिसायचं ते उरलेलं चाळीस टक्के, संगीतावरचं खुलं सादरीकरण. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाच्या त्रिक्सी शुबानं आकृत्यांच्या जोरावर सुवर्णपदक घेतलं. खुल्या सादरीकरणात लोकांचं मन जिंकणाऱ्या अमेरिकेच्या जॅनेट लिनला कांस्य मिळालं. टीव्हीवर बघणाऱ्यांना हा हिशेब कळेना. हळूहळू आकृत्यांचं वजन कमी होत गेलं आणि १९९० नंतर जागतिक स्पर्धेतून त्या गेल्याच. २००२ च्या ऑलिंपिकमध्ये परीक्षकांच्या पक्षपातावरून मोठा गदारोळ झाला. त्यानंतर, २००४ पासून, नवी पद्धत आली. प्रत्येक उडीला ठरलेले गुण. प्रत्येक गिरकीला आणि पावलांच्या मालिकेला मूळ पायरी, आणि तिच्यावर पहिली ते चौथी अशा पायऱ्या. कोणत्या गोष्टी केल्या म्हणजे कोणती पायरी मिळते, हे आधीच छापलेलं. खेळाडूला निकालाचा कागद मिळतो, त्यात कुठं किती मिळाले आणि कुठं गेले हे ओळीनं दिसतं. भांडणं संपली नाहीत, पण भांडायला हातात कागद आला.

आपल्या गटांना हे नवं नाही. प्रतवारीच्या वेळी पंचसूत्री समोर असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशेबाच्या वह्या. कुठं कमी पडलो हे कळतं, म्हणून पुढच्या वेळी सुधारता येतं. नुसतं ‘तुमचा गट बरा नाही’ असं कोणी म्हणालं असतं, तर आपण काय सुधारलं असतं?

मल्लखांबातही पायऱ्या कागदावर आल्या. १९८१ च्या जानेवारीत उज्जैनला पहिली राष्ट्रीय मल्लखांब स्पर्धा भरली. तिथं नियमांची घडी बसली आणि त्याच साली राष्ट्रीय संघटना उभी राहिली. वयोगट ठरले, वेळ ठरली, सोप्या-अवघड प्रकारांची वर्गवारी झाली. दादरच्या शिवाजी पार्कवरच्या समर्थ व्यायाम मंदिरासारख्या संस्थांनी मुलींना दोरावर पद्धतशीर तयार केलं. तिथले प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि परदेशातले मुलगे-मुली तिथं येऊन खेळले. पुढं खेलो इंडियाच्या युवा स्पर्धेतही मल्लखांब आला. आता मुली दोराबरोबर पुरलेल्या खांबावरही स्पर्धा करतात.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. मल्लखांबासाठी पहिला अर्जुन पुरस्कार २०२१ सालचा. तो हिमानी परब या मुंबईच्या मुलीला मिळाला. पैलवानांच्या सरावासाठी उभ्या राहिलेल्या या विद्येतला पहिला अर्जुन पुरस्कार एका मुलीनं घरी नेला.

आता दुसरी बाजू. पायऱ्या मोकळ्या झाल्या की पोरींना घाईनं वर ढकलणारेही येतात. बर्फावर चार फेरांच्या उड्या लहान, हलक्या अंगाच्या मुलींना लवकर जमतात, म्हणून काही ठिकाणी कोवळ्या पोरींना फार राबवलं गेलं. २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलीवरून उत्तेजकाचं प्रकरण झालं, तेव्हा साऱ्या जगानं ते पाहिलं. त्याच वर्षी संघटनेनं मोठ्यांच्या गटात खेळायचं किमान वय टप्प्याटप्प्यानं पंधरावरून सतरा केलं. म्हणजे अडवणं जसं चूक, तसं पायरी गाळून चढवणंही चूक. हाडं कोवळी असताना पोरीला पिळून मिळवलेलं पदक तिला आयुष्यभर दुखतं.

आपल्याकडं आज अडचण बहुतेक वेळा पहिलीच असते. पोरगी सहावी-सातवीपर्यंत खेळते, धावते. पाळी सुरू झाली, अंग भरलं, की घरातूनच आवाज येतो: पुरे आता. तो आवाज कधी बापाचा असतो, कधी भावाचा, आणि पुष्कळदा आपला, आईचा, आजीचा. आपण म्हणतो, लोक काय म्हणतील. १९०३ साली घागऱ्याचं कारण सांगणारे आणि १९२० साली ‘शोभत नाही’ म्हणणारे परीक्षक याहून वेगळं काय म्हणत होते? ती शिडीवरून पडत नाही, तिला उतरवलं जातं.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत चार गोष्टी बोला. आपल्या गावच्या शाळेत मुलींना कोणते खेळ शिकवतात आणि आठवीनंतर त्यातल्या किती मुली मैदानावर उरतात, ते मोजा. खेळाच्या शिक्षकांना विचारा की शिकवण्याच्या पायऱ्या कोणत्या, आणि माझी पोरगी कोणत्या पायरीवर आहे. ज्यांना शिकवता येतं त्यांना हे सांगता येतं. मल्लखांब असेल तर खाली गाद्या आहेत का, दोर आणि त्याचा आधार कोण तपासतं, सरावाला जाणती बाई हजर असते का, हे बघा. घरी झाडाला दोर बांधून पोरींना एकट्यानं प्रयोग करू देऊ नका. शिकवणाऱ्याशिवाय हा खेळ नाही. आणि पाळीच्या दिवसांत खेळायचं की विसावा घ्यायचा, हे त्या पोरीला ठरवू द्या. चार दिवसांचा विसावा म्हणजे कायमची सुट्टी नव्हे.

सगळ्याच पोरी काही हिमानी परब होणार नाहीत, व्हायचं कारणही नाही. कोणी दुसऱ्या पायरीवर रमेल, कोणी पाचवीवर थांबेल. बसफुगडी सगळ्यांना कुठं जमते? पण थांबायचं ते तिची पकड जिथं संपते तिथं, आपली भीती जिथं सुरू होते तिथं नव्हे.

बैठकीत काय बोलणं झालं ते आपल्या रेडिओला जरूर कळवा.